एका श्वासाची शिदोरी: पेंग्विन बर्फाखाली पोट कसं भरतो

मध्यंतरी कळप सोडून एकटाच डोंगराच्या दिशेने निघालेल्या पेंग्विनचा व्हिडिओ मोबाइलवर इतका फिरला, की लोकांनी वैराग्यापासून राजकारणापर्यंत सगळं त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर लादलं. पण चालणाऱ्या पेंग्विनकडे बघून पेंग्विन कळत नाही. गोव्यातल्या मोरजीच्या वाळूवर अंडी घालायला आलेलं कासव कसं फरपटत जातं ते आपण बघतो. त्यावरून ते समुद्रात कसं पोहत असेल याचा अंदाज येतो का? पेंग्विनचंही तसंच. पाण्याबाहेर तो अंडी घालतो, पिल्लं वाढवतो, पिसं बदलतो. त्याचं खरं काम पाण्याखाली चालतं.

अंटार्क्टिका गोव्याला तशी परकी नाही. भारताची पहिली मोहीम 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहूनच निघाली, आणि या मोहिमा चालवणारं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र वास्कोला हेडलँड सडा इथे आहे. आपली दोन स्थानकं तिथे चालू आहेत. मैत्री समुद्रापासून बरंच आत आहे, त्यामुळे तिथे पेंग्विन क्वचितच दिसतो. भारती मात्र किनाऱ्यावर आहे. त्या भागात अ‍ॅडेली जातीचे छोटे पेंग्विन दिसतात, आणि ईशान्येच्या अमांडा उपसागरात एम्परर म्हणजे सम्राट पेंग्विनांची वसाहत आहे.

या लेखात मुख्यतः हे दोघेच येतील. अ‍ॅडेली चार-पाच किलोचा. सम्राट साधारण 22 ते 45 किलोचा, उंचीला पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढा. सम्राटाची नोंदलेली सर्वांत खोल बुडी 564 मीटरची आहे आणि सर्वांत लांब 32 मिनिटांची. दूधसागर 310 मीटर उंच आहे. त्याच्या दुपटीला थोडंच कमी, तेही एका श्वासावर. पेंग्विनला कल्ले नाहीत. तो आपल्यासारखाच हवा घेणारा प्राणी आहे. तेव्हा प्रश्न थंडीच्या आधी हवेचा आहे.

### नळाला पाणी नाही, पण घरात साठा आहे

एप्रिल-मे महिन्यात नळाचं पाणी जातं तेव्हा आपण काय करतो? गच्चीवरची टाकी असते, नळ्यांमध्ये थोडं पाणी उरलेलं असतं, आणि शहाण्या घरात प्रत्येक मोरीत एकेक बादली भरून ठेवलेली असते. पेंग्विनच्या शरीरात प्राणवायू अशाच तीन जागी साठतो.

गच्चीवरची टाकी म्हणजे छातीतली हवा. पक्ष्यांना फुप्फुसांबरोबर हवेच्या पिशव्याही असतात. बुडी मारताना पंख हलले की हवा पुढच्या पिशव्यांतून मागच्या पिशव्यांत आणि परत अशी ढकलली जाते. जाता-येता ती फुप्फुसातून जाते, म्हणजे श्वास रोखलेला असूनही आतल्या आत हवा खेळती राहते. नळ्यांतलं पाणी म्हणजे रक्त. आणि मोरीतली बादली म्हणजे स्नायू.

ही बादली समजायला स्वयंपाकघरात जाऊ. बांगडा कापला की मधोमध काळपट लाल मांसाची पट्टी दिसते. न थांबता पोहायचं काम त्या पट्टीचं. तिचा रंग येतो मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे, आणि हे प्रथिन प्राणवायू धरून ठेवतं. सम्राट पेंग्विनच्या छातीचं सगळंच मांस या पट्टीसारखं, किंबहुना त्याहून काळं असतं. शंभर ग्रॅम स्नायूत सहा ग्रॅमच्या वर मायोग्लोबिन. पंख हलवणारा स्नायू म्हणूनच स्वतःची शिदोरी घेऊन पाण्यात उतरतो.

तिन्ही साठ्यांचं प्रमाण जातीप्रमाणे बदलतं. अ‍ॅडेलीचा भर छातीतल्या हवेवर जास्त, सम्राटाचा रक्तावर आणि स्नायूंवर. का, ते तरंगण्याच्या भागात येईल.

### मिनिटाला सहा ठोके

साठा कितीही असला तरी सगळे नळ धो धो सोडले तर संपणारच. म्हणून पेंग्विन मुख्य चावी पिळतो.

बुडीच्या आधी तो पृष्ठभागावर भराभर श्वास घेतो. तेव्हा हृदय मिनिटाला दोनशेच्या आसपास पळत असतं; साठा भरून घेणं चालू असतं. पाण्यात शिरताच ठोके कोसळतात. विश्रांतीच्या वेळी सम्राटाचे ठोके मिनिटाला सुमारे 70 असतात. एका 18 मिनिटांच्या बुडीत ते बराच वेळ सहावर होते आणि मधूनच तीनच्या वेगापर्यंत उतरले होते. हे मोजणाऱ्या गटात जेसिका मीर होत्या. पुढे त्या अंतराळवीर झाल्या आणि 2019 मध्ये फक्त स्त्रियांनी केलेल्या पहिल्या अंतराळचालीत त्यांचा सहभाग होता. श्वास आणि हवा यांचा हिशेब त्यांच्या पाठीस लागला म्हणायचा.

हृदय मंदावलं की रक्त थोड्याच जागी जातं. मेंदूचा पुरवठा सांभाळला जातो, आतडी वगैरे थांबतात, आणि पोहणारा स्नायू आपल्या बादलीवर भागवतो. बुडी संपत आली की पृष्ठभागावर पोचण्याआधीच ठोके वाढू लागतात. वर हवा मिळणार हे शरीराने जणू आधीच धरलेलं असतं.

सम्राटाला हे उधारी न करता साधारण साडेपाच मिनिटं जमतं. त्यानंतर स्नायू प्राणवायूशिवाय ऊर्जा काढू लागतात आणि लॅक्टेट साचतं. जोरात धावल्यावर पोटऱ्या जळतात तेव्हा आपल्यातही हेच चाललेलं असतं. उधारी फेडावी लागते, आणि व्याज चढं असतं. एका सम्राटाने 27.6 मिनिटांची बुडी मारली. वर आल्यावर पोटावर पडलेल्या त्या पक्ष्याला उठून उभं राहायला सहा मिनिटं लागली, चालू लागायला आणखी वीस, आणि पुढची बुडी त्याने आठ तासांहून अधिक काळाने मारली. म्हणून विक्रमी आकड्यांना भुलू नये. रोजचा पेंग्विन तीन ते सहा मिनिटांच्या बुड्या मारतो, वर येतो, दम घेतो, पुन्हा जातो. पाच मिनिटांच्या अनेक बुड्यांत जेवढं खाणं मिळतं तेवढं अर्ध्या तासाच्या एका बुडीत मिळत नाही. खूप लांब बुडी बहुधा नाइलाजाची असते: बाहेर यायचं भोक सापडलं नाही, किंवा बर्फ सरकून ते बंद झालं.

हे घरच्या तळ्यात करून बघू नका. भराभर श्वास घेऊन माणसाने बुडी मारली तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घ्यायची घाई त्याच्यामुळेच होत असल्याने धोक्याची घंटा वाजतच नाही. वर येता येता, शेवटच्या काही मीटरांत, माणूस बेशुद्ध पडतो. पोहण्याच्या तलावांत चांगले पोहणारे असेच बुडतात. सम्राटाच्या रक्तातला प्राणवायू आपण बेशुद्ध पडू त्या पातळीच्या खाली गेला तरी तो शुद्धीवर असतो, कारण त्याचं हिमोग्लोबिन इतक्या कमी पातळीलाही प्राणवायू पकडून ठेवतं. आपलं ठेवत नाही.

### खाली जायला कष्ट, वर यायला नाही

रिकामी प्लास्टिकची बाटली पाण्यात दाबून बघा. पहिला हातभर दाबतानाच ती जोर लावते. छातीत आणि पिसांत हवा भरलेला पेंग्विन म्हणजे अशीच बाटली, त्यामुळे बुडीचे पहिले काही मीटर सर्वांत महाग पडतात.

मग पाणीच मदतीला येतं. दर दहा मीटरला पाण्याचा दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाएवढा वाढतो. 564 मीटरवर तो पृष्ठभागाच्या सुमारे 57 पट असतो, म्हणजे वर एक लिटर असलेली हवा तिथे 18 मिलिलिटर उरते. खोकल्याच्या औषधाच्या टोपणात मावेल, थोडीशी सांडेल, इतकीच. हवा आकसली की तरंगण्याचा जोर गेला. परत येताना उलट: हवा फुगते आणि पक्ष्याला वर उचलते. अ‍ॅडेली आणि सम्राटाहून थोडा लहान असलेला राजा पेंग्विन हे शेवटच्या टप्प्यात पंख हलवणं थांबवून नुसते तरंगत वर येतात.

यात एक पेच आहे. जास्त हवा घेतली तर प्राणवायू जास्त, पण दाबून खाली न्यायला कष्टही जास्त. उथळ बुडीसाठी मोठा श्वास घेतला तर तो प्राणवायू तरंगण्याशी झुंजण्यातच जाईल. म्हणून हे पक्षी खोल जायचं असेल तेव्हा मोठा श्वास घेतात आणि उथळ जायचं असेल तेव्हा लहान. म्हणजे किती खोल जायचं हे निघण्याआधी ठरलेलं असतं! सम्राटाने साठा छातीतून काढून रक्तात आणि स्नायूंत हलवला, त्यामागेही हाच पेच आहे: स्नायूतला प्राणवायू तरंगत नाही.

अंगाची ठेवणही याच कामाची. उडणाऱ्या पक्ष्यांची हाडं पोकळ असतात, पेंग्विनची भरीव. पंखाची कोपर आणि मनगट जवळजवळ वळत नाहीत. सगळा पंख एकसंध वल्ह्यासारखा. उडणाऱ्या पक्ष्याला खरा जोर लागतो तो पंख खाली मारताना. पाण्यात मात्र वर मारतानाही जोर लागतो, म्हणून पंख उचलणारा स्नायूही पेंग्विनमध्ये दांडगा असतो.

बाहेर पडणं हे वेगळंच प्रकरण. बर्फाच्या कडेवर चढायला हात नाहीत, आणि कडेपाशी बिबट्या सील टपलेला असू शकतो. म्हणून सम्राट खालून वेग घेऊन सुळकन उसळतो आणि पोटावर आदळतो. एरवी तो सेकंदाला दोन-तीन मीटर पोहतो. या उसळीत सरासरी 5.3 मीटर, म्हणजे ताशी 19 किलोमीटर वेग मोजला गेला आहे. ही कमाल पिसांतल्या हवेची. पृष्ठभागावर असताना तो पिसांत हवा भरून घेतो. खोलवर ती आकसते आणि पिसं तिच्यावर घट्ट बसतात. वर येताना ती फुगून पिसांच्या फटींतून बारीक बुडबुडे होऊन सुटते. अंगाभोवती बुडबुड्यांचा थर आला की पाण्याचं घर्षण घटतं. सोड्याच्या फेसासारखी पांढरी शेपूट मागे सोडत वर येणारे पेंग्विन आपण चित्रफितीत बघतो, ते याचमुळे.

### काचेच्या कौलावरची पाल

जुन्या घरात मंगलोरी कौलांमध्ये उजेडासाठी एखादं काचेचं कौल बसवलेलं असतं. त्यावर पाल बसली की खालून ती ठळक काळी दिसते. शेजारच्या मातीच्या कौलावर असेल तर पत्ताही लागत नाही.

सम्राट हीच युक्ती वापरतो. बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटून राहणारे छोटे मासे असतात. पेंग्विन सुमारे 50 मीटर खाली जातो, वर बघतो, आणि उजळलेल्या बर्फावर माशाची काळी आकृती दिसली की सरळ वर झेप घेतो. मासा पकडला की पुन्हा खाली, पुन्हा वर नजर. एकाच बुडीत अशा अनेक झेपा.

पेंग्विन डोळ्यांनी शिकार करतो, वासाने नाही. म्हणून उजेड लागतो, आणि बहुतेक बुड्या दिवसाच्या. त्याच्या डोळ्याचा पुढचा पडदा आपल्यापेक्षा चपटा असतो, त्यामुळे पाण्यात शिरल्यावर आपल्यासारखं धूसर होत नाही. राजा पेंग्विनची बाहुली उन्हात टाचणीच्या टोकाएवढी चौकोनी होते आणि अंधारात मोठी उघडते. उजेडातून एकदम काळोख्या खोलीत उतरणाऱ्याला याची गरज असते.

अ‍ॅडेलीचं मुख्य खाणं क्रिल. दिसायला हा जीव आपल्या जवळ्याचा, गोव्यातल्या गालमोचा, थोरला भाऊ. अंटार्क्टिक क्रिल सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि वजनाला जेमतेम दोन ग्रॅम भरतो. एवढ्याशा घासांवर पोट भरायचं तर वेग हवा. क्रिलचा थवा सापडला की अ‍ॅडेली सेकंदाला दोनपर्यंत क्रिल टिपतो. चघळणं नाही; जिभेवर आणि टाळूवर मागे वळलेले काटे असतात, घास पुढे निसटत नाही आणि पाण्याखालीच गिळला जातो. गोड, कडू आणि मांसाची चव ओळखणारी जनुकं पेंग्विनमध्ये हरवलेली आहेत. आपल्याला वाईट वाटतं, पण सेकंदाला दोन घास गिळणाऱ्याला चव घेऊन करायचं काय? घासाबरोबर गेलेल्या खाऱ्या पाण्यातलं मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथी गाळतात आणि ते चोचीवरून ठिबकतं.

### “स्कूबावाल्यांना होतो तो त्रास यांना का होत नाही?”

गोव्याच्या ग्रांडे बेटाजवळ डायव्हिंगला गेलेल्यांना सावकाश वर यायला सांगितलेलं असतं. कारण दाबाखाली नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि झटकन वर आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. मात्र डायव्हर टाकीतून दाबाखालची हवा सतत आत घेत असतो. पेंग्विनकडे एकच श्वास, म्हणजे एका श्वासाएवढाच नायट्रोजन.

इथेच उत्तर संपतं असं पुष्कळदा सांगितलं जातं, पण ते अपुरं आहे. पॅसिफिकमधल्या तुआमोतू बेटांवर मोती काढणारे एकेका श्वासावर दिवसभर बुड्या मारतात, आणि त्यांना हा विकार झालेला आहे. पुन्हा पुन्हा बुडी मारली की नायट्रोजन साचतो. पेंग्विनला वाचवतं ते मंद हृदय, कारण रक्त फिरलंच नाही तर नायट्रोजन अंगभर पोचत नाही. शिवाय तो शेवटच्या टप्प्यात सरळ न येता तिरपा, वेग कमी करून येतो. भोकातून उसळी मारायची असेल तेव्हाची गोष्ट अर्थात वेगळी.

### “आणि थंडी?”

खाऱ्या पाण्याला गोठायला उणे 1.8 अंश लागतात, म्हणून बर्फाखालचं पाणी शून्याच्याही खाली असूनही वाहतं असतं. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे 25 पट वेगाने ओढतं. त्यावर उपाय म्हणजे कौलांसारखी एकावर एक बसलेली पिसं, त्यांच्या मुळाशी मऊ पिसांत अडकलेली हवा आणि खाली चरबी. शेपटीजवळच्या ग्रंथीचं तेल चोचीने अंगभर लावणं हे रोजचं काम. ते चुकलं तर पाणी आत शिरतं. तेलगळतीत सापडलेले पेंग्विन मरतात ते बऱ्याचदा गारठून, कारण खनिज तेलाने पिसांची वीण मोडते.

पाय आणि पंख जवळजवळ उघडेच. तिथे जाणारी गरम रक्ताची नळी आणि परतणारी गार नळी शेजारी शेजारी असतात. जाणारं रक्त आपली ऊब परतणाऱ्याला देऊन टाकतं, त्यामुळे ती शरीराबाहेर वाया जात नाही.

राणीच्या बागेतले पेंग्विन मग बर्फात का नाहीत, असं मुंबईला जाऊन आलेली मुलं विचारतात. ते 2016 मध्ये आणलेले हम्बोल्ट जातीचे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांनी बर्फ कधी पाहिलेला नसतो. त्यांना गार पाणी पुरतं.

### पाठीवरची पेटी

बर्फाखाली कोणी बसून मोजलेलं नाही. जेराल्ड कूयमन या शास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात सीलवर बुडीची खोली आणि वेळ नोंदणारं पहिलं यंत्र लावलं, ते स्वयंपाकघरातल्या टायमरपासून बनवलेलं. पुढे पेंग्विनसाठी त्याच भागात, अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डोला, एक साधी युक्ती वापरली गेली. जवळपास दुसरी फट नाही अशा ठिकाणी बर्फात एकच भोक पाडायचं. पक्षी दुसरीकडून बाहेर पडूच शकत नाही, म्हणून यंत्रासकट परत येतो.

आता पाठीच्या पिसांना चिकटपट्टीने छोटी पेटी लावतात. डोक्यावर एक हालचालमापक आणि पाठीवर दुसरा लावला, की डोकं हललं पण पाठ नाही तो क्षण म्हणजे चोच मारली. मोठी पेटी पाण्याला अडते आणि पक्षी जास्त दमतो. पंखाला लावायची धातूची पट्टी तर फार काळ निरुपद्रवी समजली जात होती. राजा पेंग्विनांवर दहा वर्षं केलेल्या अभ्यासात पट्टी असलेल्यांना 39 टक्के कमी पिल्लं झाली आणि त्यांचं जगण्याचं प्रमाण 16 टक्क्यांनी घटलं. पट्टी लावलेल्या पक्ष्यांवरून काढलेले जुने निष्कर्ष त्यामुळे पुन्हा तपासावे लागले.

### “बर्फ कमी झाला तर बरंच की, चालायला नको”

ऐकायला पटतं. भोक शोधायला नको, समुद्र दाराशी. आणि जास्त बर्फ खरोखरच मारतो: 2016-17 च्या हंगामात अंटार्क्टिकाच्या तेर अदेली भागात समुद्रावरचा बर्फ उन्हाळाभर हटला नाही, आईबापांना खाणं आणायला फार लांब जावं लागलं, आणि सुमारे 18,000 जोड्यांच्या अ‍ॅडेली वसाहतीत दोन पिल्लं वाचली. फक्त दोन.

पण बर्फ हा नुसता अडथळा नाही. त्याच्या खालच्या बाजूला शेवाळ वाढतं आणि हिवाळ्यात क्रिलची पिल्लं त्यावर जगतात. बर्फ गेला तर क्रिल घटतो, आणि पेंग्विनचं ताट रिकामं होतं. सम्राटाचं तर घरच त्या बर्फावर. हिवाळ्यात नर पायांवर अंडं ठेवून दोन महिन्यांहून अधिक काळ उपाशी उभा राहतो, वसंतात पिल्लू वाढतं, आणि त्याच्या अंगावरची करडी लव पाणी अडवत नाही. पोहण्याची पिसं डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येतात. तोपर्यंत पायाखालचा बर्फ टिकायला हवा.

2022 च्या अखेरीस बेलिंग्सहाउसेन समुद्राच्या बाजूला तो टिकला नाही. तिथल्या पाच वसाहतींपैकी चारांखालचा बर्फ पिसं येण्याआधीच फुटला. उपग्रहाच्या छायाचित्रांत विष्ठेचे तपकिरी डाग दिसतात, वसाहती मोजायच्या त्यांच्यावरूनच. त्या चार जागी डागांच्या ठिकाणी आता पाणी होतं, आणि लव अंगावर असलेल्या पिल्लांना तिथे पोहता येत नव्हतं.